सांभारातली माशी

"पेटवा म्हन्तो ना मी. आधी कणगी पेटवा, मंग मळा पेटवा, मंग पाहू कोन काय म्हन्ते ते."

हा आवाज आम्ही पेढी नदीच्या अलीकडे असतानाच ऐकला. वलगावचा तो गृहस्थ एरवीही असाच बोलत असे. तो आपल्या वावरात बैलांना थांबायला सांगे तेव्हा अमरावतीच्या परकोटाच्या आत दुसऱ्यांचे बैल जागच्या जागी उभे राहत आणि त्यांचे मालक उगाच चाबूक ओढत बसत. त्या दिवशी त्याने माझ्या गोऱ्या साहेबाचं घोडं थांबवलं. घोड्यानं कान पाडले, साहेबानं टोपी मागं सारली, आणि आम्ही कुंपणाशी जाऊन पाहतो तर तो गृहस्थ पेटलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, चूड हातात घेऊन उभा, समोर शेणानं लिपलेल्या कमरेएवढ्या दोन कणग्या, आणि पुढच्या कणगीच्या झाकणावर एक बाई, लग्नाच्या पंगतीत पाटावर बसावं तशी मांडी घालून बसलेली.

"उठा वयनी."

"नाई उठत."

"अंगावर ठिणगी पडन."

"पडू द्या. लुगडं तुमच्याच भावानं आणलं होतं."

हा भाऊ म्हणजे त्या बाईचा नवरा. तो वारून काही वर्षं झाली होती, आणि चूड धरून उभा असलेला तिचा धाकटा दीर. बाई जातीची माळीण. नवऱ्यामागं विहिरीकाठचा मळा तीच करी. वांगी, मेथी, मुळे, आणि सगळ्यांत जास्त सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्या वऱ्हाडात तिला सांभारच म्हणतात, त्यावर पुण्याकडचे लोक हसतात, हसोत बापडे. तिच्या सांभाराचं बियाणं इतकं नावाजलेलं, की ते मुठीत धरून माणूस अमरावतीच्या बाजारातून गेला तर मागं कढीच्या वासानं कुत्री लागत. मी स्वतः गेलो आहे.

मळा कागदोपत्री मात्र दिराचा. तिचा हक्क एवढाच, की दीर जोवर 'करा' म्हणेल तोवर तिनं करायचा.

आणि आता दीर म्हणत होता, सांभाराला किडा लागला आहे. कणगी उघडली तर आतून बारीक काळ्या माश्या धुरासारख्या वर आल्या. आज त्या सांभारात आहेत, उद्या शेजारच्या त्याच्या सरकीत शिरतील, आणि सरकी गेली म्हणजे पुढल्या सालचा कापूस गेला. तेव्हा हा मळा जाळून, नांगरून तिथं कापूसच लावावा. एवढं सगळं तो एका दमात बोलला, आणि चूड त्याच्या बोटांपर्यंत जळत आला तरी त्याला कळलं नाही.

त्याला मी वाईट म्हणणार नाही. त्या साली भल्याभल्यांना कापूस चढला होता. अमेरिकेत गोऱ्यांची आपसात जुंपली, तिकडचा कापूस थांबला, आणि सगळ्या जगाला अंग झाकायला वऱ्हाडच काय ते उरलं. अमरावतीहून निघालेल्या गाड्यांची रांग अशी, की मी एकदा पहिल्या गाडीवर चढलो आणि गाड्यांवरूनच चालत, जमिनीला पाय न लावता, अकोल्याला माझ्या दारात उतरलो. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या असं लोक सांगतात. त्या मी पाहिल्या नाहीत, पण एक बैल दुसऱ्याच्या शिंगात आपलं तोंड पाहत उभा होता, तो पाहिला. अकोल्यात कावळ्यांनी घरटी कापसानं भरली. पिल्लं गादीवर लोळून इतकी ऐदी झाली की पंख फुटले तरी उडेनात, मायबापांनी चोचीनं ढकलून काढली. लोकांनी परसातली वांगी उपटली, उकिरडे सपाट केले, आणि एका गावी तर मसणवटीच्या कडेपर्यंत पऱ्हाटी गेली. असल्या दिवसांत पेढीकाठी एकच चौकोन हिरवा राहिला होता, तो या बाईचा. दिराच्या डोळ्यांत तो खुपला तर नवल नव्हतं.

साहेब हा कापसावरचा साहेब. अकोल्याला त्याचा बंगला. गावोगाव फिरून सरकी चांगली आहे की भेसळीची हे पाहणं त्याचं काम. मी मोजणी खात्यातला नकाशे काढणारा, पण हात चांगला आणि तोंड त्याहून चांगलं म्हणून त्यानं मला मागून घेतलं होतं. त्याचं हिंदुस्थानी इथं जसंच्या तसं उतरवलं तर वाचणाऱ्याच्या पोटात दुखेल, म्हणून ते मी मराठीत आणून देतो.

साहेबानं दिराच्या हातातला चूड काढून घेतला, मातीत खुपसला, आणि कणगीपुढं गुडघे टेकले. बाई घाबरून खाली उतरली. आजवर तिच्या कणगीपुढं कोणी गोरा गुडघे टेकला नव्हता. खरं तर कोणीच टेकला नव्हता. त्यानं मूठभर धने तळहातावर घेतले, खिशातलं भिंग काढलं आणि एकेक दाणा त्याखाली धरून पाहिला. मग एक धना त्यानं मला दाखवला. त्याला सुईनं टोचल्यासारखं गोल भोक होतं आणि भोकातून एक इवलंसं काळं डोकं बाहेर पाहत होतं, भाड्याचं घर सोडावं की नाही याचा विचार करत असल्यासारखं.

"गांधीलमाशीच्या कुळातली आहे," साहेब म्हणाला. "आणि ही मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेली नाही."

गांधीलमाशी म्हटल्याबरोबर दीर मागं सरला. मी त्याला म्हटलं, "भिऊ नका भाऊ, मोहरीएवढी हाय."

"ल्हान असतानी सगळेच मोहरीएवढे असतेत," तो म्हणाला.

साहेब दोन बाजूंनी ओढला जात होता, ते मला स्पष्ट दिसत होतं. एकीकडं त्याला नवी माशी सापडली होती आणि त्याच्या तोंडावर नव्या नवऱ्याचं तेज आलं होतं. दुसरीकडं तो कापसाचा चाकर; सरकीला खाणारा किडा गावात आहे अशी शंका जरी असली तरी मळा जाळायचा हुकूम त्यालाच द्यावा लागणार. शेवटी तो म्हणाला की ही माशी सरकी खाते की नाही ते मी अकोल्याला नेऊन पाहतो, तोवर कशालाही विस्तव लावायचा नाही.

"किती दिस पाहान?" दिरानं विचारलं.

"लागतील तेवढे."

"शिमग्यापर्यंत थांबतो. मंग ह्या कणग्या होळीत जातीन, अन मळ्यावर नांगर." तो आता ओरडत नव्हता, म्हणून ते जास्त खरं वाटलं.

बाईनं मला बाजूला घेतलं. "कारकून भाऊ, मळा गेला तं मी कोठी जाऊ? यायच्या घरी भाकरी थापाले बसन. यायची बायको चांगली हाय, जेवाले घालीन. पन मले सकाळी उठून जायाले जागा नाई राहनार."

मी म्हटलं, मावशी, साहेब न्यायानं पाहील. ती म्हणाली, "किडा काई त्या सांभारातला नाई. शेजारनीची नजर लागली. मी मीठ-मोहऱ्या उतरवून पाह्यल्या, पन तिची नजरच मोठी खराब." शेजारीण कुंपणापलीकडून ऐकत होती आणि तिनंही उत्तरादाखल काही सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साहेबानं त्या दिवशी धरलेल्या काही माश्या कुपीत घातल्या, आणि बाईला सांगितलं की या कणगीतले धने आम्हाला द्या, आमचा माणूस चार दिवसांनी येऊन नेईल. चार दिवसांनी मी दमणी जुंपून गेलो तर गाठोडं बांधून तयार होतं, वर हळदीकुंकवाची बोटं. ते घेऊन मी अकोल्याला आलो.

आता अकोल्याच्या बंगल्यात काय चाललं ते सांगतो. कुपीतल्या माश्या मेल्या होत्या, पण मेल्या तरी वर्णनाला चालतात. साहेबाला या नव्या जातीचं वर्णन लिहून त्याच्या देशातल्या पंडितांकडे धाडायचं होतं, आणि सोबत माझ्या हातचं चित्र. मोठ्या काचेखाली माशी ठेवून त्यानं मला बसवलं. मी पाहिलं, आणि माझी बोलती बंद झाली. घरच्यांना विचारा, हे वर्षातून एकदासुद्धा होत नाही. मोहरीएवढा जीव, पण पाठीवर असं खोदकाम, की हेमाडपंती देवळाच्या शिळा त्यापुढं गुळगुळीत म्हणाव्या. पंख काचेसारखे, पांढुरके. मिशा गाठीगाठींच्या. आणि पोटाच्या शेवटी म्यानात ठेवलेली एक सुई.

मी जन्मभर शेतांचे नकाशे काढलेले. हाताला वळणच ते. पाठीवरच्या खळग्यांना मी शिवेचे दगड दाखवले, कमरेची बारीक रेघ नाल्याच्या खुणेनं काढली, आणि कोपऱ्यात सवयीनं उत्तर दिशेचा बाण घातला.

"हा बाण कशाला?" साहेबानं विचारलं.

"साहेब, माशीचं तोंड कुठं आहे ते कळायला."

"माशीचं तोंड माशीला असतं."

तो बाण त्यानं चाकूनं खरवडून काढला. पण चित्र त्याला आवडलं होतं. तो ते दिव्याजवळ नेऊन पुन्हापुन्हा पाही.

मग रंगाचा वाद. त्याला लिहायचं होतं 'काळी', पण नुसतं काळी त्याला पुरेना. मला विचारी, कशी काळी? मी म्हटलं, तव्यासारखी. तवा मागवला. तवा आणि माशी शेजारी ठेवून तो म्हणाला, नाही, तव्याला तांबूस झाक आहे. मी म्हटलं, मग आमच्या काळ्या मातीसारखी, पाणी दिल्यावरची. परसातलं ढेकूळ आलं, त्यावर पाणी शिंपडलं. जवळ आलं, पण चमक कमी पडली. खानसाम्याचे नवे जोडे, दौतीतली शाई, म्हशीचं रेडकू, सगळं त्या मेजाशी येऊन गेलं. रेडकू दारातून आत येईना, तर साहेब माशी घेऊन अंगणात गेला. अखेर त्यानं जे लिहिलं ते मेलेल्या लोकांच्या भाषेत लिहिलं, पंडितांना तीच लागते म्हणे. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, "काळी." एवढ्यासाठी बिचारं रेडकू उन्हात ताटकळलं.

हसू येतं, पण खरं सांगतो, एवढ्याशा जीवाकडं इतक्या आदरानं कोणी पाहताना मी तोवर पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. तिचा एक पाय मोडला तेव्हा साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण हे सगळं मेल्या माशीचं. मळ्याचा निकाल जिवंत माशीवर होता. त्यासाठी बाईनं दिलेले धने साहेबानं बरण्यांत भरले, तोंडाला मलमल बांधली, आणि आम्ही वाट पाहू लागलो. दुसऱ्या बरण्यांत सरकी तयार. एकीत उशिराची हिरवी बोंडं. एका कुंडीत मोर्णेकाठच्या बागेतून आणलेला हिरवा दाणा धरलेला सांभार. माश्या निघाल्या की त्यांना सगळ्यांपुढं सोडायचं आणि कुठं जेवतात ते बघायचं. पाहुण्यांसाठी पानं वाढून झाली होती, पण पाहुणाच येईना.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. बरणीत काही हलेना. साहेब सकाळी उठून आधी बरणी पाही, मग तोंड धुई. एके दिवशी तो खुर्चीत मागं टेकला आणि म्हणाला, "माश्या निघाल्या नाहीत तर मला काहीच ठरवता येणार नाही. आणि ठरवता आलं नाही तर मळा जाळा असंच म्हणावं लागेल. मी ती माशी कणगीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे."

तेव्हा मी पहिल्यांदा त्या बरणीत हात घातला. इतके दिवस ते धने शास्त्राचे म्हणून मी लांबच होतो. हाताला लागले ते एकसारखे, टपोरे, गोल. एकालाही भोक नाही. बोटांना राखेचा बारीक भुकटा, आणि वास घेतला तर उन्हात घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा. मला सगळं एकदम उमगलं, आणि मी त्याच पावली दमणी जुंपली.

बाई विहिरीकाठी मेथी खुडत होती.

"मावशी, ते धने तुमी निवडले का?"

"मंग? तीन दिसाचं उन्ह दिलं. पाखडले, निवडले, राख चोळली, लिंबाचा पाला घातला. एक-एक दाना पाह्यला. सुनेलेबी बसवलं होतं शेजारच्या." तिचा चेहरा फुलला होता. "आवडले का साहेबाले?"

"मावशी, साहेबाले किडके पायजे होते."

तिनं जुडी खाली ठेवली.

"माह्या दारातून साहेबाच्या घरी किडकं जाईन? काहून? उद्या लोक काय म्हन्तीन, माळनीनं सरकारले किडकं पाठवलं. मांगणाऱ्याले निवडून द्यावं अशी आमची रीत हाय. सासूनं शिकवली. भिकाऱ्यालेबी मी पाखडल्याबिगर ज्वारी वाढत नाई."

"पण मावशी, त्याले किडेच पायजेत. किडे नसले तं तुमचा मळा जाते."

"अन किडे असले तं भाऊजी मळा जाळते म्हन्तेत. किडे नसले तं तुमी जाळता. मंग मी करू काय? तुमीच सांगा."

मी तिला बरणीचं, मलमलीचं, बोंडांचं सगळं शास्त्र समजावलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि शेवटी म्हणाली, "ते सगळं खरं. पन किडकं मी नाई देत." माणसाची लाज कधी कधी मळ्याहून मोठी असते. तिला माझा राग येत नव्हता. तिच्यानं होतच नव्हतं.

तेव्हा मी माझी नेहमीची वाट धरली.

"मावशी, सांगू नये पन सांगतो. साहेबाले पोटाचं दुखणं हाय. खाल्लेलं अंगी लागत नाई. त्याच्या मुलखातल्या वैद्यानं सांगतलं, वऱ्हाडातल्या सांभारातली जित्ती माशी पाहत जा, रोज सकाळी, उपाशीपोटी. पाह्यली की दुखणं उतरते."

"खाची नाई ना?"

"छे, नुसती पाहाची."

"अरे मायबाई." तिचे डोळे भरून आले. "म्हणूनच इतला वाळकुडा. लेकरू कोठच्या कोठं येऊन पडलं, माय नाई जवळ, बहीन नाई. आधी काहून नाई सांगतलं?" आणि उठलीच. कणगीच्या तळाचे, तिनं फेकायला काढलेले सगळे धने तिनं गाडग्यात भरले. एवढ्यावर ती थांबती तर ती ती नव्हे. पदर खोचून ती साऱ्या माळीपुऱ्यात फिरली. आजाऱ्याचं काम आहे म्हटल्यावर कोण मागं राहतं? ज्या शेजारणीची नजर खराब होती तिनं सोंडे लागलेल्या ज्वारीचं अख्खं मडकं दिलं. कोणी भुंगे पडलेली तूर दिली, कोणी जाळी धरलेलं पीठ, एका म्हातारीनं लाकडातला जिवंत भुंगा दिला, त्याच्या पायाला दोरा बांधून. माझी दमणी अकोल्याच्या वाटेला लागली तेव्हा ती बैल ओढत नव्हते, आतले किडेच ढकलत होते.

पुढले दोन दिवस बंगल्यात जे झालं ते खानसामा मरेपर्यंत विसरला नाही. सोंडे पावात गेले, भुंगे साखरेत गेले, आणि पिठातली पाखरं संध्याकाळी दिव्याभोवती अशी जमली की साहेब अंदाजानंच जेवला. पण तिसऱ्या सकाळी धन्याच्या बरणीत पहिली माशी निघाली. मग दुसरी. दुपारपर्यंत मलमलीच्या आतून त्या अशा चालत होत्या की सांभारानं वरात काढली असावी.

साहेबानं मला हाक मारली नाही, नुसता हात हलवला, बोललं तर माश्या दचकतील म्हणून. आम्ही त्यांना सोडलं. सरकीच्या बरणीत त्या फिरल्या, सरकीवर चढल्या, उतरल्या, अनोळखी गावात पत्ता विचारत हिंडावं तशा हिंडल्या, आणि काही दिवसांनी तळाशी मरून पडल्या. बोंडांचंही तेच. साहेबानं एकेक सरकी, एकेक बोंड चिरून पाहिलं, आत काही नव्हतं. पण कुंडीतल्या हिरव्या सांभारावर सोडलेली माशी दाण्यावर उभी राहिली, मिशांनी तो ठोकून पाहिला, कंबर वाकवली, ती म्यानातली सुई काढली, आणि हळूहळू दाण्यात उतरवली. त्या हिरव्या दाण्यापुढं तिला जग नव्हतं. साहेब श्वास धरून होता. मी तर असा धरला की तो अजून पुरता सोडला नसावा.

"हिला दुसरं काही येत नाही," तो हळूच म्हणाला. "एवढं एकच घर तिला ठाऊक आहे."

त्यानं ते लिहून काढलं, आणि होळीच्या आदल्या दिवशी आम्ही वलगावला पोचलो.

गाव जमलं होतं. चौकात एरंडाचा दांडा पुरलेला, गोवऱ्या रचलेल्या, आणि बाजूला, दिराच्या पायाशी, बाईच्या दोन्ही कणग्या आणून ठेवलेल्या. बाई त्यांच्यापासून जरा लांब उभी होती. मला पाहताच तिनं पहिलं विचारलं ते, "साहेबाचं पोट कसं हाय?" मी म्हटलं, उतरलं. ती म्हणाली, "दिसतेच." साहेब त्या पाखरांपायी अंधारात जेवून खरोखरच आणखी वाळला होता.

साहेबानं सांगितलं, मी ते मोठ्यानं मराठीत केलं. ही माशी कापसाला तोंड लावत नाही. सरकीला नाही, बोंडाला नाही. सांभाराच्या हिरव्या दाण्यात अंडी घालते, तिथंच वाढते, तिथूनच निघते. पुढल्या साली भोकाचे धने वेगळे काढावेत, चांगले पेरावेत. मळ्याला धक्का लावायचं कारण नाही. भाषांतर करताना मी माश्यांनी सरकीपुढं हात जोडून माफी मागितल्याचं तेवढं पदरचं घातलं. गावाला ते पटलं.

"म्हंजे माह्या सरकीले काई नाई?" दीर म्हणाला.

"काई नाई."

"अन बोंडाले?"

"बोंडालेबी नाई."

तो स्वतःच वाकला, एक कणगी उचलून खांद्यावर घेतली, आणि वहिनीकडं न बघता म्हणाला, "मंग औंदा राहू दे." आणि मळ्याच्या वाटेला लागला. दुसरी कणगी आम्ही कोणीतरी घेतली.

औंदा. बाईनं तो शब्द ऐकला, मीही ऐकला.

मळ्यात कणग्या ठेवल्यावर साहेबानं बरोबर आणलेली जिवंत माशी तिला भिंगाखाली दाखवली. तिनं आधी जो डोळा उघडा ठेवायचा तोच मिटला, मग जमलं. खूप वेळ पाहत राहिली.

"हे बाई हाय का मानूस?"

"बाई," साहेब म्हणाला. "दाण्यात सुई घालते ती बाईच. गडी नुसते हिंडतात."

"दिसतेच," ती म्हणाली. "पोटुशी हाय. इतलुसं अंग अन केवढं काम." भिंग परत देताना तिनं ते आधी पदरानं पुसलं.

साहेबाला फार बरं वाटत होतं. त्यानं मला सांगितलं, हिला नीट समजावून सांग. नवी जात सापडली की तिला नाव द्यावं लागतं, आणि ते देण्याचा मान ज्यानं वर्णन लिहिलं त्याचा. त्याच्या मनात या माशीला बाईचं नाव द्यायचं होतं. ते पुस्तकात छापलं जाईल, समुद्रापलीकडच्या शहाण्या लोकांच्या कपाटांत राहील, आणि ही बाई, तिचा दीर, तो स्वतः, आम्ही कोणीही राहिलो नाही तरी ते तसंच राहील. हे मी तिला सांगितलं, आणि थोडं वाढवूनच सांगितलं. राणीसाहेबांच्या उशाशी ते पुस्तक असतं म्हटलं.

बाई जुडीतून पिवळी पानं काढत होती. दीर विहिरीच्या कठड्याशी पाणी पीत होता, तो थांबला.

"किड्याले माहं नाव कायले?" ती म्हणाली. "लावाचंच असन तं या मळ्याले लावा म्हना."

दिरानं ओंजळीतलं पाणी खाली सोडलं आणि तो मोटेच्या दोराकडं पाहू लागला. आयुष्यात मी पुष्कळ भाषांतरं केली, पण पदरचं काहीही न घालता केलेलं ते एकच. साहेबानं ऐकलं. भिंग पुसलं, डबीत घातलं, डबी खिशात ठेवली, टोपी डोक्यावर नीट बसवली.

"ते खातं माझ्याकडे नाही," तो म्हणाला.